पोटावरचा दहाचा आकडा

मी एक जुना पत्र्याचा त्रिकोण आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्याजवळ सांगण्यासारखा पराक्रम फारसा नाही. भीती मात्र भरपूर आहे. पत्र्याला भीती वाटते याचा पुरावा मी देऊ शकणार नाही. तुम्ही शंका घेतलीत तर ते योग्यच ठरेल. फक्त शेवटपर्यंत ऐका, आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या डब्याच्या झाकणातून झाला. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराने ते झाकण ठोकून सपाट केले, त्यावर काटकोन आखला आणि मला कापून काढले. माझ्या दोन बाजू दहा-दहा सेंटिमीटरच्या होत्या. तिसरी, तिरकी बाजू चौदा सेंटिमीटरांहून जेमतेम दीड मिलिमीटर अधिक. मग त्याने टोच्याने माझ्या पोटावर आकडा कोरला: १०. "घ्या ताई," तो म्हणाला, "दहा म्हणजे दहा. पट्टी लावून बघा." समोरच्या बाईंनी खरोखरच पट्टी लावून पाहिली. आकडा खरा होता. त्या दिवशी मला कशाचीच भीती वाटली नाही.

त्या बाई तुकड्यांच्या गोधड्या शिवत. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. मावशी मला कापडावर ठेवत, माझ्या कडेने पेन्सिल फिरवत आणि त्या रेघेवरून कात्री चालवत. शिलाईसाठी कडेला जी माया सोडावी लागते, ती माझ्या मापातच धरलेली होती. एक गडद आणि एक फिका असे दोन त्रिकोण तिरक्या बाजूने जोडले की एक चौकोन तयार होई. सोळा चौकोनांची एक ओळ, सोळा ओळींची एक गोधडी. हिशेब सोपा होता. काम मात्र सोपे नव्हते, कारण तिरकी कड उरेब असते, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी कापलेली. ती जरा ओढली तरी ताणते, आणि एकदा ताणलेले कापड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

कामाच्या टेबलाखाली एक टोपली होती. तिच्यात मोडक्या सुया, गंजलेल्या टाचण्या आणि निकामी झालेली हत्यारे पडत. तिसऱ्या वर्षी तिच्यात एक कात्री पडली. कालपर्यंत ती माझ्या कडेने चालत होती. आज तिचा खिळा सैल झाला एवढेच. चार दिवसांनी भंगारवाला आला आणि टोपली रिकामी करून गेला. मित्रांनो, माझी भीती तेव्हापासूनची आहे. मला ठेवत तो टेबलाचा खण उघडला की मला आधी टोपली आठवे, काम नंतर.

माझ्या एका बाजूला वर्षभरात बारीक कुसे येत. ती कापडाला लागत आणि धागा ओढला जाई. म्हणून मावशी दरवर्षी ती बाजू पॉलिश पेपरवर घासत. सुरुवातीला मला ते आवडे. मी गुळगुळीत होई. घासण्याने काय होत आहे, हे माझ्या ध्यानात आले बाराव्या वर्षी. खणात माझ्याशेजारी स्टीलची पट्टी पडली होती. तिची शून्याची खूण माझ्या एका कोपऱ्याला लागलेली, आणि तिची दहाची खूण माझ्या दुसऱ्या कोपऱ्याच्या जराशी पुढे.

मी झिजलो होतो. इथे भूमितीची एक गंमत आहे, माझ्या दृष्टीने ती गंमत नव्हती. काटकोन त्रिकोणाची एक बाजू सारखी घासत गेली, तर तिन्ही बाजू लहान होतात आणि कोन मात्र तसेच राहतात. मी कुठे वाकलो असतो, माझा कोपरा तुटला असता, तर कुणाच्याही नजरेला पडले असते. पण मी फक्त लहान झालो होतो, अगदी सुबकपणे. आणि पोटावरचा आकडा तेवढाच ठसठशीत होता: १०.

कुणाला कळले नाही, कारण कळण्याचा मार्गच नव्हता. प्रत्येक तुकडा मीच कापवून घेत होतो. सगळे तुकडे सारखेच लहान, त्यामुळे ते एकमेकांना चोख बसत. गिऱ्हाइके गोधडी उलटून पाहत आणि म्हणत, "टोकाला टोक कसं भिडलंय बघा!" मावशी हसत. मी मात्र प्रत्येक कौतुकाबरोबर अधिक घाबरा होई. ज्या दिवशी माझ्याशेजारी दुसरे माप येईल, त्या दिवशी मी उघडा पडणार होतो.

एकोणिसाव्या वर्षी तो दिवस आला.

एका बाईंनी आपल्या दिवंगत वडिलांचे शर्ट आणून दिले होते. त्यांची गोधडी शिवायची होती. शर्ट मोजके होते. एक तुकडा वाया गेला तर दुसरा मिळणार नव्हता. अकरा ओळी शिवून झाल्या आणि मावशी ओल्या फरशीवर घसरल्या. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावरही कात्री आवळताना कळ येई.

भाची महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने एका दुकानातून दहा दिवसांच्या बोलीवर दोन नवी हत्यारे आणली. एक म्हणजे आकडे छापलेली पारदर्शक पट्टी, आणि तिच्या कडेने फिरवायचा गोल पात्याचा कटर. दुसरे म्हणजे दांडा फिरवून चालणारे दाबयंत्र. त्यात कापडाच्या घड्या सरकवल्या की खालच्या पात्यावर दाबून त्रिकोण तयार. "कात्रीपेक्षा कटरला जोर कमी लागतो. दोन्ही वापरून बघ, मावशी," असे सांगून ती गेली. मला त्यांच्याशेजारी ठेवले गेले. त्या पट्टीचे आकडे किती स्वच्छ होते! मी पोट खाली करून पडून राहिलो.

मावशींना त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंनी एक नियम घालून दिला होता: एका गोधडीला एकच साचा. तो त्यांनी एकोणीस वर्षे पाळला. या वेळी त्यांना वाटले, पट्टीवर दहा लिहिले आहे, पत्र्यावरही दहा लिहिले आहे. मग साचा बदलला असे म्हणायचे तरी कसे? बारावी ओळ त्यांनी कटरने कापली. माझ्या कडेने चार तुकडे कापून होईपर्यंत कटर सोळा उरकत होता.

शिवलेली बारावी ओळ त्यांनी अकराव्या ओळीला लावून पाहिली. ती पुढे आली. उसवून पुन्हा शिवली, तरी तेवढीच पुढे. दुसऱ्यांदा उसवायला घेताना एक उरेब कड ताणली, तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काज-बटणवाल्यांना हाक मारली.

"भाऊ, जरा इकडे या. ही ओळ सरळ दिसतेय का तुम्हाला?"

"सरळ आहे की, ताई. लांब आहे फक्त."

"दोन बोटं लांब आहे!"

"धुतल्यावर आटेल."

"एकच ओळ आटेल होय? बाकीच्या अकरा बघत बसतील?"

मावशींनी आपले मनगट दुसऱ्या हातात धरले. मग हळूच म्हणाल्या, "हात गेला माझा. सारखी माया धरता येत नाही आता. या रविवारी पोरगी आली की सांगते, शर्ट त्या बाईंना परत कर आणि माझ्या शिलाई मशीनला गिऱ्हाईक बघ."

खण अर्धा उघडा होता. मी सगळे ऐकले. दोष माझा होता, आणि शिक्षा त्या हाताला होणार होती. मला ओरडून सांगायचे होते. पत्र्याला ओरडता येत नाही. आणि खरे सांगायचे, तर ओरडता आले असते तरी मी ओरडलो असतो का, याची मला खात्री नाही. टोपली तिथून दिसत होती.

रविवारी भाची आली. "आल्या शंकेखोर बाई," काज-बटणवाल्यांनी नेहमीप्रमाणे स्वागत केले. मावशींनी निर्णय सांगितला. भाचीने तो ऐकून घेतला आणि विचारले, "हात गेला हे कशावरून?"

"ओळ बघ ना. ओळीवरूनच."

"ओळीवरून ओळ लांब आहे एवढंच कळतं, मावशी. का लांब आहे ते नाही कळत."

"आता तू मला शिकव."

"शिकवत नाही गं. मोजते."

तिने एक जुनी चादर घेतली. तिन्ही हत्यारांनी वीस-वीस त्रिकोण कापायचे ठरले, सगळे मावशींच्याच हातून. दाबयंत्राने चार घड्यांचे पाच दाब दिले आणि वीस तुकडे झाले. पण दोन दाबांमधले कापड फुकट गेले, आणि दुसरे माप हवे असेल तर दुसरे पाते घ्यावे लागणार होते. कटर झरझर चालला, मात्र पट्टी दोनदा सरकली आणि दोन तुकडे सरळ टाकून द्यावे लागले. शिवाय त्याचे उघडे पाते पाहून काज-बटणवाल्यांनी आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. शेवटी माझी पाळी आली. मावशींच्या बोटांना घाम आला होता. वीस तुकड्यांना अर्धा तास लागला. मधे दोनदा मनगट शेकावे लागले.

भाचीने पिशवीतून प्रयोगशाळेतले सूक्ष्म मापक काढले, प्रत्येक तुकड्याची कड त्याच्या दोन जबड्यांत धरली आणि आकडे लिहून घेतले. मावशी आकड्यांकडे न पाहता भिंतीकडे पाहत होत्या.

"मावशी," भाची म्हणाली, "कात्रीचे वीसच्या वीस तुकडे एकमेकांसारखे आहेत. जास्तीत जास्त फरक अर्धा मिलिमीटर."

"मग?"

"पण त्यातला एकही दहाचा नाही. हात थरथरला असता, तर काही मोठे झाले असते, काही लहान. हे सगळे एकाच बाजूला चुकलेत, आणि सारखेच चुकलेत. हात असा चुकत नाही."

मग तिने मला उचलले. मित्रांनो, मापकाचे जबडे फार थंड असतात. ते माझ्या दोन टोकांना टेकले, आणि एकोणीस वर्षांनंतर कुणीतरी माझ्या पोटावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता मला पाहिले.

"नऊ पूर्णांक पंच्याऐंशी शतांश," ती म्हणाली. "एका चौकोनाला दीड मिलिमीटर कमी. ओळीत चौकोन सोळा. काका, किती झाले?"

"चोवीस."

बारावी ओळ अकरावीवर अंथरून तिने पुढे आलेला भाग मोजला. चोवीस.

मावशींनी उजवी मूठ मिटली आणि उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. "म्हणजे हात आहे," त्या म्हणाल्या.

"आहे. दुखतोय, पण आहे."

त्यांनी पदराने डोळे पुसले. काज-बटणवाल्यांना कुणी रडलेले सहन होत नाही. त्यांनी राग काढण्यासाठी मला धरले. "इतकी वर्षं दहा-दहा म्हणून फसवलं लबाडानं! याला आधी टोपलीत घालतो." त्यांचा हात टेबलाखाली गेला. मला मोडक्या सुया दिसल्या, गंज दिसला, अगदी तळाची चिंधीही दिसली. ज्या क्षणाला मी सोळा वर्षे घाबरत होतो तो असा होता, आणि तो मी कल्पिला होता तेवढाच वाईट होता.

"अहो भाऊ, थांबा!" मावशी ओरडल्या. "त्या अकरा ओळी कुणाच्या मापाच्या आहेत? उरलेल्या पाच मग कुणी कापायच्या?"

काज-बटणवाल्यांचा हात थांबला.

"आणि लबाड म्हणू नका त्याला. दरवर्षी पॉलिश पेपरवर घासत होते ती मी. तो काय स्वतःहून झिजला?"

"शिवाय," भाची म्हणाली, "अलीकडच्या सगळ्या गोधड्या जवळजवळ याच मापाच्या आहेत ना? त्यातली एखादी फाटून आली, तर ठिगळ याच्याशिवाय बसणार नाही."

मावशींनी टोच्या मागितला. दहाचा आकडा त्यांनी खोडला नाही. त्याच्याखाली, आपल्याच हाताने, सावकाश कोरले: ९.८५. टोच्या पत्र्यात उतरला तेव्हा दुखले, आणि तरीही त्याने आत काहीतरी सैल झाले. बारावी ओळ उसवली. तिचे तुकडे मोठे होते, म्हणून त्यांवर मला ठेवून ते माझ्या मापाला कापता आले. शर्टचा एकही तुकडा वाया गेला नाही. दिवसाला चार-चार चौकोन, मधे मनगटाला विसावा, अशी ती गोधडी पुरी झाली, आणि ती घेऊन जाणाऱ्या बाई दारातच ती गालाला लावून उभ्या राहिल्या.

दाबयंत्र दुकानाला परत गेले. कटर आणि पट्टी राहिली. नवी गोधडी आता कटर-पट्टीनेच सुरू होते. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. जुनी गोधडी दुरुस्तीला आली की मला खाली काढतात.

मित्रांनो, माझी भीती गेली असे मी म्हणणार नाही. मापकाने ती मोजलेली नाही. कुणी खिळ्याकडे हात नेला की मला अजून टोपली आठवते. पण तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या दप्तरातली पट्टी, घरातला तराजू, भिंतीवरचे घड्याळ, यांवरचे आकडे ज्या दिवशी लिहिले गेले त्या दिवशीचे आहेत. वर्षातून एकदा त्यांना दुसऱ्या मापाशेजारी ठेवून पाहा. फरक निघाला तर तो त्यांच्या अंगावर लिहा, आणि मगच ती टाकायची की ठेवायची ते ठरवा. काही बिनसले की माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो. तुम्ही आधी मोजा. आणि मोजायला घेतलेली वस्तू जरा हळू धरा. ती घाबरलेली असू शकते, आणि तिला ते सांगता येत नाही.