घरात कोणी नव्हतं

...पुन्हा तांबडा. म्हणजे हिरवा व्हायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न करून, पोटात घरघर करून, खोकल्यासारखं काहीतरी करून बॉयलरवरचा तो हरभऱ्याएवढा दिवा परत तांबडा झाला आणि तसाच राहिला, कोडग्यासारखा, आणि ती हातात गार होत चाललेला चहा घेऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली. परवापासून नळाला गरम पाणी नव्हतं, खोल्याखोल्यांतले हीटर थंडगार पडले होते. अंगात दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जुना कोट, मोज्यांवर मोजे — येताजाता आरशात दिसायचं ते एक गाठोडं, आणि गाठोड्याला वर एक तोंड. त्या तोंडाकडे बघून तिला सकाळी हसूही आलं होतं. आता येत नव्हतं.

दुरुस्तीला माणूस दिवसभरात केव्हाही येईल, असं कंपनीने कळवलं होतं. केव्हाही. म्हणजे कामावर दांडी मारून बसा. ती दाताच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवायचे आणि त्यावरून ती कॅपा घडवायची, कवळ्या बसवायची, मेणात आधी आणि मग पोर्सेलिनमध्ये, भिंगाखाली, श्वास धरून. एक पुढचा दात अर्धवट रंगवून ठेवून आली होती. शेजाऱ्याशी रंग जुळत नव्हता त्याचा, पिवळटपणा कमी पडत होता, आणि तो डोक्यातून जात नव्हता... पण जाऊ दे, आज दात नाही, आज बॉयलर.

इतक्या वर्षांत एक शास्त्रच तयार झालं होतं तिचं, अशा दिवसांचं. मिक्सर लावायचा नाही. केस धुवायचे नाहीत. कचरा टाकायला खाली जायचं नाही, कारण नेमके तेव्हाच येतात. संडासाचं दार उघडं ठेवायचं. सकाळी उठल्याउठल्या ती स्वतःच बाहेर गेली होती आणि स्वतःच्याच दाराची घंटा दाबून बघितली होती, वाजत होती, चांगली ठणठणीत वाजत होती. मग खुर्ची ओढून दाराशी ठेवली, आणि त्या खुर्चीवर ती बसून होती, हात पुरेल एवढ्या अंतरावर कडी.

नवरा निघताना म्हणाला होता, नाहीच आले तर उद्या येतील, तू डोक्याला लावून घेऊ नकोस. मनातल्या मनात ती त्याला जाऊदेबुवा म्हणायची. इथे परदेशात येऊन त्याने हा मंत्र घेतला होता आणि त्यावर त्याचं उत्तम चाललं होतं. पगार उशिरा झाला, जाऊ दे. रांगेत कोणी पुढे घुसला, जाऊ दे. आणि मग घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडलं तर मात्र... असो.

दुपार कलली आणि फोनवर निरोप आला. आमचा माणूस येऊन गेला. घरात कोणी नव्हतं.

तिने तो तीनदा वाचला. घरात कोणी नव्हतं! मग मी कोण? ही खुर्ची, हा कोट, हे गाठोडं, हे सगळं कोण? ती दार उघडून तशीच जिन्याने खाली धावली. रस्ता मोकळा होता, एक कुत्रं आणि त्याचा मालक. खालच्या मजल्यावरची बाई दार किलकिलं करून बघत होती. तिला विचारलं, कोणी आलं होतं का, तर ती बाई मान वाकडी करून, बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली की कधीकधी आपल्याला घंटा ऐकू येत नाही हं. हे म्हणताना तिने दंडावर हातसुद्धा ठेवला. मायेने. त्या मायेनेच अधिक जळजळ झाली.

वर येऊन तिने कंपनीला फोन लावला. लावण्याआधी वाक्य मनात म्हणून बघितलं. ही सवय सुटत नव्हती. इथली भाषा येत होती, उत्तम येत होती, तिच्यात ती हिशेब करायची, भांडणाची स्वप्नंसुद्धा तिच्यातच पडायची, पण फोन म्हटला की आधी तालीम. संगीत वाजलं, पुष्कळ वेळ वाजलं, मग एक मुलगी आली. आडनाव सांगताना प्रत्येक अक्षराला एकेक फळ नाहीतर जनावर जोडून सांगायचं, हेही शास्त्रातलंच. तिने सांगितलं. मग आपलं म्हणणं सांगितलं, थोडक्यात, नीट, व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही असं.

मुलगी म्हणाली, माणूस येऊन गेलाय, घरात कोणी नव्हतं असं दिसतंय.

"मी घरातच होते. दाराशी बसले होते."

"इथे तसं दिसत नाही."

"तिथे कुठून दिसणार? मी इथे आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग ती मुलगी अतिशय गोड, थकल्यासारख्या आवाजात म्हणाली, "घरात दुसरं कोणी आहे का, ज्यांच्याशी मला बोलता येईल?"

चूक कुठे झाली? एखादा स्वर आखूड पडला? जीभ टाळूला जिथे लावायची तिथून केसभर मागे लागली? नाही म्हणाली ती, दुसरं कोणी नाही. मग पुढच्या आठवड्यातला वार मिळाला, तोही उपकार केल्यासारखा, आणि फोन बंद झाला.

ती परत खुर्चीवर बसली. आता बसायची काही गरज नव्हती.

...आणि माहेरी गॅसच्या एजन्सीत भांडायला आई कोणाला पाठवायची? भावाला नाही. थोरला असून भावाला नाही. हिलाच पाठवा, म्हणायची, ही सिलिंडर घेतल्याशिवाय परत यायची नाही. आणि ती जायची, दोन वेण्या घातलेली, आणि त्या काउंटरवरच्या माणसाला असं काही धारेवर धरायची की रांगेतली माणसं मागून दाद द्यायची. तोंड आहे की तोफखाना, वडील म्हणायचे, आणि म्हणताना मिशीत हसायचे. तो तोफखाना कुठे गेला? इथे लॅबमध्ये तिला सगळे शांत म्हणतात. ती शांत बाई आहे ना, तिला द्या हे नाजूक काम. शांत! मी? अग माझ्या आयांनो, या गावातली अर्धी तोंडं माझ्या हाताखालून गेलीत, ज्या दातांवर जीभ टेकवून तुम्ही हे तुमचे नाजूक उच्चार करता ना, त्यातले कितीतरी मी घडवलेत, कदाचित त्या फोनवरच्या मुलीच्या आईच्या तोंडातसुद्धा माझीच कॅप असेल... आणि मला विचारतात, दुसरं कोणी आहे का.

हे सांगायचं तरी कोणाला? माहेरी सांगावं तर वहिनी म्हणणार, तुमचं काय बाई तिकडे, बटण दाबलं की सगळं होतं. तिकडच्यांना वाटतं हिला इथे काही दुखत नाही, इथल्यांना वाटतं हिला काही कळत नाही.

लेक कॉलेजातून आली ती हातमोजे दातांनी ओढत. घरात सगळे तिला बायो म्हणायचे. सतरा वर्षांची, जन्म इथलाच. दाराशी खुर्ची आणि खुर्चीवर आई बघून तिने काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि आईचा फोन उचलून तोच नंबर पुन्हा लावला. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, एका हाताने बिस्किटाचा पुडा फोडत बोलत होती ती. आवाज खेळकर, उच्चार लोण्यासारखे. तिकडे कोणीतरी हसलं, ही पण हसली. आणि मग म्हणाली, अगदी सहज म्हणाली, की माफ करा हं, माझी आई जरा गोंधळली, तिला फोनवरचं नीट समजत नाही, तिने घंटा ऐकली नसेल.

बिस्किट संपायच्या आत काम झालं होतं. माणूस आज संध्याकाळीच येणार होता.

"झालं," बायो म्हणाली.

ती उठली. कोटाची बटणं तिने उगाचच वरपर्यंत लावली.

"मी गोंधळले नव्हते."

"मला माहितीये, आई."

"घंटा वाजली नव्हती."

"माहितीये ना."

"मग तसं का सांगितलंस?"

"कारण मग ते ऐकतात." बायोच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू खरं सांगितलंस तर तुला पुढचा आठवडा मिळाला. आणि तूच तर सांगत होतीस त्या नवीन आलेल्या काकूंना. आधी सॉरी म्हणायचं, मग काम सांगायचं."

सांगत होते. खरंच सांगत होते, याच टेबलाशी बसून, नुकतं लग्न होऊन आलेल्या त्या बिचारीला चहा पाजत, मोठ्या थोरल्या जावेच्या तोऱ्यात — आधी हसायचं, आपलीच चूक असेल म्हणायचं, काही बिघडत नाही त्याने, आपलं काम झाल्याशी मतलब. पण ती माझी मान होती. मी वाकवत होते, मी केव्हाही सरळ करीन म्हणून वाकवत होते. तुला कोणी सांगितलं होतं ती धरून खाली दाबायला, आणि तेही माझ्यासमोर, बिस्किट खात... हे सगळं मनातच ठेवून ती मोठ्याने भांडी लावायला लागली. लावलेलीच होती ती, पुन्हा काढून लावली.

संध्याकाळी माणूस आला. घंटा वाजली. धिप्पाड, दमलेला, पेटी घेऊन सरळ आत. झाकण काढलं, आत हात घातला, काय झालं, कधीपासून, आवाज येत होता का, हे सगळे प्रश्न त्याने तिच्या डोक्यावरून मागे उभ्या बायोला विचारले. बायोने तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तरं आईनेच दिली. तो ऐकत होता की नव्हता, पण एक पट्टी बदलली, काहीतरी पिळलं, आणि आत भसकन ज्योत लागली.

तो पेटी आवरायला लागला तेव्हा तिने विचारलं. तालीम न करता.

"दुपारी तुम्हीच आला होतात?"

"हो, मीच."

"घंटा दाबली होतीत?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. मग खांदे उडवले. गाडी लावायला जागाच मिळाली नाही, म्हणाला. दोन फेऱ्या मारल्या आणि गेलो. असं झालं की आम्ही घरात कोणी नव्हतं असंच टाकतो, सगळेच टाकतात. यात काही लपवायचं असतं असं त्याच्या गावीही नव्हतं. माफी मागितली नाही, खोटंही बोलला नाही. सही घेऊन निघून गेला.

तिला वाटलं होतं, हे ऐकायला मिळालं की गार वाटेल. आज दिवसभर तिने हेच तर मागितलं होतं, की कोणीतरी म्हणावं, तू होतीस. आता म्हणून झालं होतं आणि आत काहीच हललं नव्हतं. राग तसाच उभा होता, फक्त कोणावर ते त्याचं त्याला कळेनासं झालं होतं.

भिंतीतले नळ टकटक करत गरम व्हायला लागले. बायो हीटरला पाठ लावून जमिनीवर बसली होती, मोबाइल हातात नव्हता. तिचे कान लाल झाले होते.

"आई, मला पण राग येते..."

"येतो," ती म्हणाली.

म्हणजे तोंडातून निघूनच गेलं. बायोने मान खाली घातली. आणि तेव्हा ते चित्र आलं, मागच्या सुट्टीतलं: माहेरचा दिवाणखाना, सगळे गोल बसलेले, बायो काहीतरी रंगात येऊन सांगत होती, आणि मध्येच भाऊ ओरडला, अरे ही 'तो खुर्ची' म्हणाली, पुन्हा म्हण बायो, पुन्हा म्हण. सगळे पोट धरून हसले. बायोही हसली. ती गोष्ट काय होती, कुठे चालली होती, ते पुढे कोणी विचारलं नाही. आणि सर्वांत मोठ्याने कोण हसलं होतं? त्या दिवशी तिला केवढं बरं वाटलं होतं, माहेरच्या माणसांत, त्यांच्यातलीच एक होऊन हसताना. संध्याकाळभर बायो बोलली नव्हती, आणि वहिनी म्हणाली होती, मुलगी शांत आहे हो तुमची.

"बोल ना," ती म्हणाली.

बायोने नखाने मोज्याचा धागा ओढला. "तिकडे गेलं की... म्हणजे आजीकडे... मला सगळं माहीत असतं काय बोलायचं. इथे असतं." तिने गळ्याशी हात नेला. "पण सगळे बघतात ना, तेव्हा मला असं... असं..."

शब्द सापडत नव्हता. बायोचे ओठ एकदा मिटले, उघडले. आईच्या डोळ्यांसमोर तीन-चार शब्द येऊन उभे राहिले, अवघडल्यासारखं, कोंडल्यासारखं, ओशाळवाणं, जिभेच्या टोकावर आलेच होते, द्यायला काय लागत होतं? एक दिला असता तर बायो हो म्हणाली असती, लगेच म्हणाली असती, तो चुकीचा असता तरीही. तिने दात एकमेकांवर घट्ट दाबून धरले. खालून कुणाच्या तरी दाराचा आवाज आला. केवढा वेळ लागतो एका माणसाला, आणि समोरच्याला तो किती लांब वाटतो, किती सहज चीड येते त्याची, फोनवरच्या त्या मुलीलाही हीच आली असेल... नाही, तिला माफ नाही करायचं मला, अजिबात नाही. ती तशीच बसून राहिली, कोटाच्या आत घाम यायला लागला होता तरी, बायोच्या तोंडाकडे बघत. आणि तो शब्द कोणता असेल हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.