बसलेला हात

पुन्हा कप फुटला. व्हायोलिनवाल्या ताईंनी घाईघाईनं तुकडे गोळा केले आणि नवऱ्यानं विचारायच्या आत सांगून टाकलं, "साबण लागला होता हाताला."

"चहा पिताना साबण?" नवरा म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. "आणि कप दर वेळी डाव्याच हातातून कसा निसटतो गं?"

ताईंनी विषय बदलला. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं होतं. वाजवताना बोट तारेवर पोचायचं, पण पोचल्याचं त्यांना कळायचं नाही. त्यात वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम तोंडावर आलेला आणि त्यात पहिल्यांदाच त्यांचं एकल वादन! आता तोंड उघडलं, तर ती जागा दुसऱ्याची.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण घरातच आरामखुर्चीत असायचं. ताईंचे बाबा. एके काळचे नावाजलेले वादक आणि ताईंचे गुरूही तेच. मन भरलं म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं, असं सगळे समजत. हल्ली ते दिवसभर वर्तमानपत्र मांडीवर पसरून, डावा हात त्याखाली ठेवून बसत. "दुखल्याशिवाय हात बसत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ताई लहानपणी रडल्या होत्या आणि आता, वाचकहो, तेच वाक्य स्वतःच्या विद्यार्थ्यांना ऐकवत होत्या. आपणही घरात, कचेरीत असंच करतो की नाही?

शेवटी नवऱ्यानंच हातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"माझ्या बायकोचा हात बसलाय हो."

"अरे वा, अभिनंदन! कशावर बसलाय?"

"व्हायोलिनवर. म्हणजे, तसा नाही! घसा बसतो ना, तसा बसलाय."

बाई खळखळून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "उद्याच घेऊन या त्यांना. वाद्यासकट."

त्या 'वाद्यासकट'नं ताईंचं कुतूहल चाळवलं, नाहीतर त्या गेल्याच नसत्या. डॉक्टरीणबाईंनी बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी वाजवायला लावलं, ताईंभोवती फेऱ्या मारल्या, स्वतःचा हात तसाच मुडपून पाहिला. मग ताईंच्या कोपराच्या आतल्या बाजूला हलकीच टिचकी मारली.

"आई गं!" करंगळीच्या टोकापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"दुखणं बोटांत नाहीच," बाई खूश होऊन म्हणाल्या. "कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. हात फार वेळ मुडपलेला राहिला की ती दबते. झोपता कशा?"

"हात उशीखाली घेऊन."

"फोन?"

"डाव्या कानाला."

"म्हणजे बिचारीला रात्रीही सुट्टी नाही!"

ताई आपल्याच कोपराकडे नव्यानं बघत राहिल्या. इतके दिवस त्या उगाच बोटांवर राग काढत होत्या!

"बरं होईल ना?"

"वेळेवर आलात, बहुतेक होईल. पण काही आठवडे वाजवणं बंद. रात्री कोपर सरळ राहायला पट्टा. मग हळूहळू सुरुवात."

"एकल वादन आहे हो माझं! आणि दुखल्याशिवाय हात बसत नाही, असं..."

"कुणी सांगितलं? थकणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मेहनत केली की हात बसतो. दुखणं दाबलं तरीही बसतो, पण कायमचा! तुम्हाला कुठला हवाय?"

ताईंनी वाद्यवृंदाच्या प्रमुखांना सगळं खरं सांगितलं. एकल वादन शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना मिळालं. ताई घरी येऊन ढसाढसा रडल्या. खोटं कशाला सांगा!

रविवारी मात्र त्यांनी घरच्या शिकवणीच्या वर्गात नवा नियम केला. "वाजवताना दुखलं, मुंग्या आल्या, तर लगेच हात वर करायचा. लाजायचं नाही. आत्ता होतंय कुणाला काही?"

साऱ्यांच्या नजरा चोरून आरामखुर्चीकडे गेल्या. तेवढ्यात वर्तमानपत्र सरकून खाली पडलं आणि त्याखालचा हात वर आला. त्याची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती.

"बाबा!"

"मन नव्हतं गं भरलं," बाबा म्हणाले. "बोटंच उघडेनात. दुखतंय म्हणायची लाज वाटली. हात दुखतो तो वादक कच्चा, असं वाटायचं मला. तुलाही तेच शिकवलं."

ताईंनी जवळ जाऊन तो हात आपल्या हातात घेतला. मग मागच्या ओळीतून एक हात वर आला, त्याच्या शेजारून दुसरा आणि बघता बघता निम्मा वर्ग हात वर करून बसला!

एरवी हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं, असं आपण समजतो. त्या खोलीत मात्र त्या दिवशी खऱ्या रियाजाला सुरुवात झाली. मित्रहो, दुखणं लपवण्यात शौर्य नाही. ते वेळेवर सांगावं आणि आपल्यासमोर कुणी सांगायला धजलं, तर त्याला कच्चा म्हणू नये.

वर्ग सुटल्यावर बाबा बराच वेळ आपलं कोपर चाचपत होते.

"काय गं, माझंही बघतील का त्या बाई?"

"बघतील की," ताई म्हणाल्या आणि माळ्यावरची बाबांची व्हायोलिनची पेटी उतरवायला खुर्ची सरकवली. "पण वाद्यासकट बोलावतात हं!"