सुपातली वार

चिमा सुईण म्हणजे वाडीतली तोफच. निम्मी वाडी आपल्या हातावर जन्मली, हे ती उठताबसता ऐकवायची. पण सून शिल्पाने दुसऱ्या खेपेला घरीच बाळंत व्हायचा हट्ट धरला, तेव्हा हिनेच अट घातली, "नर्स जवळ पायजे आन् गाडी दारात. नायतर मी हात लावनार नाय."

गाडीला पैसा कोण देणार? सरकारी खर्च दवाखान्यात बाळंतपणाला जाणाऱ्यांसाठी. नर्स अनिता तालुक्याचे आरोग्य अधिकारी दिनानाथसाहेब यांच्या हात धुऊन मागे लागली आणि एका घरच्या बाळंतपणापुरती गाडीची मंजुरी घेऊन आली. हे नीट पार पडलं तर पुढे सगळ्या वाड्यांना मिळणार होती.

शिल्पाचा नवरा प्रदीप धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून सकाळी दारात पोचतो न पोचतो तोच आत पोरगी रडली. काय तो आवाज! बाळामागून वारही पडली. शिल्पा हसली, चुलीवर चहा चढला. चिमाने मात्र कपाला हात लावला नाही. वार सुपात पसरून नीट बघितल्याशिवाय ती कधीच चहा घेत नसे.

तिची बोटं एका जागी थांबली. भाकरीचा कोपरा मोडावा तसा वारेचा तुकडा कमी होता. म्हणजे तो आतच राहिला होता.

"परद्या, हिला गाडीत घाल."

"आये, ती तं चांगली हसते हाय!"

अनिताने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "खरंच हाय गो मावशे. पण साहेब म्हणतील, फसलं."

"म्हनू दे! योजना गेली चुलीत. माजी सून वाचली पायजे." म्हातारीचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच घाबरली होती.

रोह्याच्या दवाखान्याच्या पायरीवरच शिल्पाला रक्त सुटलं. अनिताने फोन केला होता, त्यामुळे डॉक्टर तयारच होते. त्यांनी तुकडा काढला. दुपारी शिल्पा पोरीला पाजत होती.

तेवढ्यात दिनानाथसाहेब कागद घेऊन आले. "म्हणजे घरचं बाळंतपण फसलंच, चिमाबाई."

"फसलं?" चिमा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायेब, रगत हितं पायरीवर सुटलं, वाडीत नाय. गाडी दारात नसती तं आज या कागदावर काय लिवलं असतं तुमी?"

शिल्पाच्या खाटेकडे बघत साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"पुढची बाळंतीण कुठल्या वाडीत आहे?" त्यांनी विचारलं.

चिमा मटकन बाकावर बसली. "सांगते," ती म्हणाली, "पन आधी माजा चहा आना."