रामदासची साक्ष

करी रोडच्या चाळीतला रामदास येशूच्या मार्गाला लागला, तेव्हा कुठे चाळीने त्याला पहिल्यांदा शुद्धीत पाहिलं. त्यामुळे नावं ठेवणाऱ्यांचीही पंचाईतच झाली. "रामदासाचो रॉबर्ट झालो," असं शेजारचा बंडू नाक्यावर म्हणायचा. पण हा रॉबर्ट गटाराकडेला झोपत नाही, हे त्यालाही कबूल करावं लागे. तीन वर्षं झाली, बाटलीला हात लावलेला नव्हता.

परळला एका बंद पडलेल्या क्लासच्या हॉलमध्ये दर रविवारी मंडळी जमायची. तिथे साक्ष द्यायची पद्धत होती. उभं राहायचं, आपण काय होतो आणि प्रभूने आपलं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. रामदास त्यात तरबेज झाला होता. मिल बंद पडल्यावर आपण दारूत कसे बुडालो, एका संध्याकाळी स्टोव्हवरचा उकळत्या पेजेचा टोप लाथेने कसा उडवला आणि बायकोचा, सुभद्राचा, हात कोपरापर्यंत कसा भाजला. "ती गेली. तिची माफी मागायची राहिली. पण प्रभूने माफ केलं." इथे त्याचा आवाज बरोबर फाटायचा आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नाटक नव्हतं ते. फक्त सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती.

मग त्याचा बाप्तिस्मा ठरला. "मागचं सगळं त्या पाण्यात सोडायचं, काका," पास्टर अमित म्हणाले. रामदास सगळं सोडायला तयार होता, एक मुलगी सोडून. वैदेही शीव कोळीवाड्याला राहायची. आईच्या तेराव्यानंतर अकरा वर्षांत ती बापाच्या दारात आली नव्हती. त्याने धीर करून फोन लावला.

"एकदाच ये गो. मग घरी चहा पिऊन जा. पटलं नाही तर पुन्हा कधी बोलावणार नाही."

ती नुसतं "बघते" म्हणाली. त्या एका शब्दावर रामदासने आठ दिवस काढले.

ती आली. मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. हॉलच्या कोपऱ्यात निळी प्लास्टिकची टाकी भरून ठेवली होती. पाण्यात उतरण्याआधी रामदासने साक्ष दिली, आणि इतकी चांगली त्याने कधीच दिली नव्हती. मग पास्टरने त्याला बुडवून वर काढलं, टाळ्या झाल्या. डोक्यावरून पाणी निथळत असतानाच तो खांद्यावर टॉवेल टाकून थेट तिच्याकडे गेला.

"ऐकलंस ना? काही लपवलं नाही मी."

"ऐकलं," वैदेही म्हणाली. "पण आईचा हात नव्हता तो, बाबा."

"म्हणजे?"

"पेज माझ्या अंगावर पडली. सात वर्षांची होते मी, स्टोव्हजवळ अभ्यास करत बसलेले. खांदा आणि पाठ भाजली. अठरा दिवस हॉस्पिटलात होते. टोप उचलताना आईची बोटं पोळली, तेवढंच."

तिने आवाज चढवला नव्हता, म्हणूनच रामदास जास्त घाबरला. तो आठवायला लागला. काहीच सापडेना.

"मला तिचाच हात दिसतो गो," तो म्हणाला.

"मी आज तुम्हाला माफ करायला आले होते. किती वर्षं मनाची तयारी करतेय. पण तुमच्या पापात मी नाहीच." तिने पर्स उचलली आणि चहाचं नावही न काढता ती जिना उतरून गेली.

ओल्या कपड्यांतच रामदासने पास्टरला गाठून सगळं सांगितलं. पुन्हा एकदा बाप्तिस्मा घेता येईल का, म्हणून विचारलं.

"तो एकदाच असतो, काका. प्रभूला सगळं ठाऊक होतं. त्याने तेही माफ केलंय."

रामदासला ते पटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रभूचा राग आला. मला न विचारता, मला न सांगता, इतक्या सहज कसं माफ केलंत?

आठवडाभर तो घरी डोळे मिटून बसला. स्टोव्ह दिसे, टोप दिसे, आणि मग सुभद्राचा हात. पोरगी दिसत नसे. दारूने तिला एकदा पुसलं होतं, आणि उरलंसुरलं त्याच्या साक्षीने. वैदेहीला त्याने चार वेळा फोन लावला. तिने एकदाही उचलला नाही.

रविवारी हॉलमध्ये नवीन माणसं आली होती. "काका, तुमची साक्ष सांगा," म्हणत पास्टरने माईक पुढे केला. रामदास उभा राहिला.

"माझी मुलगी सात वर्षांची होती. मी तिला भाजलं. पुढचं मला आठवत नाही."

तो खाली बसला नाही. आता यात प्रभू कुठे येतो, याची मंडळी वाट बघत राहिली. रामदासही.