मी माझा दोनशे अकरा सोडला तेव्हा

मित्रांनो, मी उंद्रीच्या शिवारातला एक जुना मोबाइल टॉवर आहे. महादेवरावांच्या भाजीच्या मळ्याला लागून, तारेच्या कुंपणात उभा असतो. माझे पाय आता गंजून तांबूस झालेत. वर कावळ्यांनी दोन घरटी बांधली आहेत, त्यातलं एक तर चक्क तारांच्या तुकड्यांचं आहे.

मी सुटा सुटा होऊन ट्रकमधून आलो. माणसांनी आठ दिवस नटबोल्ट आवळून मला उभं केलं. त्याआधी फोन लावायचा तर लोकांना टेकडी चढावी लागे. म्हणून मी आलो तेव्हा महादेवरावांच्या पत्नी अंबूबाई यांनी माझ्या पायाशी हळदकुंकू वाहिलं. ते कौतुक वर्षभर टिकलं. मग मी आहे हेच लोक विसरले.

फोरजी आलं तेव्हा मला नंबर मिळाला. कंपनीच्या इंजिनिअर शरयूताई माझ्या सावलीत बसल्या, गुडघ्यावर नकाशा पसरला, शेजारच्या टॉवरांचे नंबर ताडून पाहिले आणि पेन्सिलने लिहिलं, 'दोनशे अकरा'. मला तो फार आवडला.

आमच्यात असे नंबर फक्त पाचशे चार. टॉवर मात्र हजारो. म्हणून तोच नंबर दूरच्या दुसऱ्या टॉवरला पुन्हा देतात. तुमच्या शाळेत प्रत्येक वर्गात एक पाच नंबरचा विद्यार्थी असतो ना, तसंच. पण एकाच वर्गात दोन पाच नंबर बसले तर हजेरीत घोटाळाच होणार.

नंतर एकदा शरयूताईंनी आम्हा टॉवरांना नवं शहाणपण दिलं. माझ्या पेटीचं दार लावताना त्या म्हणाल्या, "मी किती दिवस नकाशे घेऊन फिरू? आता एकमेकांना विचारा आणि तुमचं तुम्ही ठरवा."

महादेवरावांची सून छाया चिखलीला एका दवाखान्यात कामाला लागली. रोज संध्याकाळी एसटीत बसली की ती घरी फोन करायची. पाच वर्षांची संजू, तिची मुलगी, अंगणात फोन कानाला लावून बसायची. फोनवरचं बोलणं कुलूपबंद असतं, ते मी ऐकत नाही. पण अंगणातलं कानावर येतंच.

काही दिवसांपासून तो फोन रोज गावाअलीकडच्या चिंचेच्या वळणावर तुटू लागला. एके दिवशी संजूने फोन घेतलाच नाही.

"घे वं माय, आईचा फोन हाय," अंबूबाई म्हणाल्या.

"मले नाही बोलायचं. मी बोलून राह्यली का ते ठेवून देते."

"ठेवत नाही वं, कट होते तो."

"रोज काऊन कट होते मंग? तिले माह्यासंग बोलाचंच नसते."

ती जेवलीही नाही. छाया घरी आली तर लेक भिंतीकडे तोंड करून झोपलेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हा छाया ओट्यावर बसून म्हणाली, "आत्याबाई, नोकरी सोडून देतो मी. लेकरू माह्याकडे पाहत नाही."

"दोन वर्स शिकली तू त्या कामासाठी," अंबूबाई म्हणाल्या. "थांब जराशी."

महादेवराव माझ्यावरच उखडले. "याच्याच्यानं एक फोन धड लागत नाही! नुसतं लोखंड उभं हाय. उद्या दोडक्याचा वेल चढवतो याच्यावर, तेवढा तरी कामी येईन."

मला फार लागलं. पण बोलणं खरंच तुटत होतं, तेव्हा रागावून काय उपयोग?

मित्रांनो, गाडी पुढे सरकते तसा एक टॉवर फोन दुसऱ्याच्या हाती देतो. तान्हं बाळ देतात तसा, समोरच्याने नीट धरल्यावरच. वळणावरचा टॉवर तो फोन माझ्या हाती द्यायचा. आता फोन त्याला सांगे, "मला दोनशे अकरा जवळून ऐकू येतोय," आणि तो माझ्याकडे द्यायला जाई. मी हात पसरून उभा, पण फोन माझ्याकडे येतच नसे.

शेवटी वळणावरच्या टॉवरने येणाऱ्याजाणाऱ्या फोनना विचारलं, "त्या दोनशे अकराचं पूर्ण नाव वाचून सांगा बरं." तर नावं दोन निघाली! टेकडीमागे एक नवा टॉवर उभा राहिला होता आणि घाईत त्यालाही दोनशे अकराच नंबर दिला गेला होता. फोनला जवळून ऐकू यायचा तो, आणि वळणावरचा टॉवर फोन द्यायला जायचा माझ्याकडे.

दोघांपैकी एकाने नंबर सोडायला हवा होता. मी आधीचा, माझा नंबर शरयूताईंनी पेन्सिलने लिहिलेला. पण नव्याला अजून शेजाऱ्यांची ओळख नव्हती. त्याने चाचपडत नंबर घेतला असता तर दुसरीकडे घोटाळा झाला असता. मला मात्र शेजारी आणि शेजाऱ्यांचे शेजारीही ठाऊक होते. मी सगळ्यांना विचारलं. तीनशे सत्तेचाळीस कोणाचाच नव्हता.

नंबर बदलताना क्षणभर गप्प व्हावं लागतं. म्हणून दुपारची जेवणं होऊन गाव लवंडलं तेव्हा मी अर्धं मिनिट गप्प झालो. तरी दोन बोलणी तुटली, त्यांची मी मनात माफी मागितली. पुन्हा बोलू लागलो तो तीनशे सत्तेचाळीस होऊन.

संध्याकाळी फोन वाजला. अंबूबाईंनी तो संजूच्या कानाला नुसता लावून धरला. एसटी चिंचेच्या वळणावर आली, मी हात पसरले आणि फोन अलगद माझ्या हाती आला.

"आजी," संजू हळूच म्हणाली, "आईनं ठेवला नाही."

मग ती बोलत सुटली. कावळा, दोडका, दुखरा दात, दोन दिवसांचं साठलेलं सगळं. बोलता बोलता थबकली. एसटीचा हॉर्न फोनमध्ये वाजला होता आणि फाट्यावरही, एकदमच.

"दोन्हीकडून आली आई!" ती ओरडली आणि फोन हातात तसाच धरून फाट्याकडे पळाली.

आता दोडक्याचा वेल माझ्या कुंपणावर चढला आहे. महादेवराव त्याला पाणी घालतात, उरलेलं माझ्या पायाशी ओततात. त्याने गंज वाढतो, पण त्यांना कसं सांगू?

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा टॉवर दिसला तर त्याच्या तारा ओढू नका, त्याला दगड मारू नका. आणि तुमचं कोणाशी बोलणं मधेच तुटलं, तर त्याने मुद्दाम तोडलं असं लगेच धरून बसू नका. पुन्हा एकदा फोन लावून बघा.