जबडा सगळ्यात आत

तो बेटावर कधीच पोहोचला नाही. आज त्या फेरीबोटीवर सामान रचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही आणि बोट चालवणारा तांडेल स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याला काढून देतो. यातलं काहीही अजून घडलेलं नाही. वाक्यं चुकून आधी आली. तुम्ही ती वाचलीच नाहीत असं धरून चालू.

तर तो बेटावर निघाला होता. परदेशात, स्वयंसेवक म्हणून, शाळेतल्या मुलांना दात कसे घासायचे ते शिकवायला. दातांची त्याला फार ओढ होती अशातला भाग नाही. काकांचा घरसामान हलवायचा धंदा होता आणि शाळा सुटल्यापासून हा लोकांची कपाटं जिन्यांवरून चढवत-उतरवत आला होता. एका दुपारी वळणाच्या जिन्यात, कपाट वर आणि आपण खाली अशा अवस्थेत, त्याने ठरवलं की यापुढे असंच काम करायचं ज्यात उचलायची सगळ्यात जड वस्तू म्हणजे टूथब्रश.

संस्थेने त्याला निवडलं आणि तिकडची भाषा घाईघाईत शिकवली. ‘मला हे जमणार नाही’ हा धडा येण्याआधीच वर्ग संपला. मग एक नारिंगी जाकीट दिलं आणि एक बॅग. बॅगेत प्लास्टरचा भलामोठा जबडा आणि हाताएवढा ब्रश.

काका निरोप द्यायला आले ते टेम्पोतून उतरलेच नाहीत. “जाऊन ये,” ते म्हणाले. “तुझी जागा कुणाला देत नाही. तिथे सध्या दोऱ्या ठेवतो.”

“काका, मी दोन वर्षांसाठी चाललोय.”

“हो हो. दोऱ्या काढायला कितीसा वेळ लागतो?”

विमानतळाबाहेर त्याने धक्क्याकडे जाणारी बस गाठली. ड्रायव्हर डिकीचं दार पाठीने रेटत होता आणि दार लागत नव्हतं. आत खुर्च्यांचे पाय वर, गाद्या खाली, गाद्यांवर लोखंडी पेट्या आणि सगळ्याच्या डोक्यावर एक शिलाई मशीन. हा नजर फिरवून बसमध्ये जाऊन बसला. खिडकीतून आकाश बघितलं. दार पुन्हा आपटलं. हा उठला.

“सगळं बाहेर काढा,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

काकांचा नियम असा की जे आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. आणि आपलं स्वतःचं सामान सगळ्यात आत, कारण गिऱ्हाईक मोकळं झाल्यावर आपण मोकळे. त्याने जबड्याची बॅग पार आत सरकवली, मग पेट्या, मग बाकीचं. दार एका बोटाने लागलं.

ड्रायव्हरने दार उघडून पुन्हा एका बोटाने लावून बघितलं. “कुठे होतात हो इतकी वर्षं?”

“काकांकडे.”

वाटेत समन्वयक बाईंचा फोन आला. बेटावरचा सगळा कारभार बाईंकडे होता. “मुलं इथे बेटाच्या धक्क्यावर आणून बसवली आहेत,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून सुट्ट्या. आज जबड्यासकट बेटावर उतरलात तर तुमची हजेरी लागेल. नाहीतर मला तुमचं परतीचं तिकीट काढावं लागेल. माझा काही राग नाही, नियम आहे.”

“येतो ना बाई. मध्ये एक बोट तर आहे फक्त.”

टेम्पोतल्या दोऱ्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. नीट गुंडाळलेल्या.

धक्क्यावर सगळ्यांचं सामान उतरवून स्वतःची बॅग बाहेर काढेपर्यंत बाकीचे प्रवासी बोटीत चढलेही होते. हा पळत आला आणि थबकला. बोटीवरच्या सगळ्या खलाशांच्या अंगात नारिंगी जाकिटं होती. संस्थेने जाकिटं स्वस्तात मिळवली होती. कुठून, ते आत्ता कळलं.

“उशीर करतोस आणि वर उभा राहतोस?” तांडेल वरून म्हणाला. “खाली जा. माल बघ.”

याने तोंड उघडलं. पण तो धडा झाला नव्हता. खाली जाऊन बघतो तर अंड्यांच्या क्रेटवर सिमेंटची गोणी. पुढचं त्याने केलं नाही, त्याच्या हातांनी केलं. बेट आलं तेव्हा माल असा लागला होता की लोक कौतुकाने बघायला थांबले, आणि बॅग अर्थातच सगळ्यात आत होती.

त्याने सगळ्यांचं सगळं उतरवलं. बॅगेला हात घालणार तेवढ्यात बेटावरून परत निघालेल्यांनी बटाट्याची पोती आत लोटली.

“अहो, माझी बॅग आहे खाली.”

“आमचीपण वर आहे,” पोतीवाला म्हणाला. “तिलाही जरा जागा करा.”

बोट निघाली. धक्क्यावर समन्वयक बाई ‘स्वागत’ लिहिलेला पुठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठा सावकाश खाली केला.

बोट परत अलीकडे आली. आता दिवसाची एकच फेरी उरली होती. या वेळी त्याने बॅग मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि मालाकडे पाठ केली. मागे काचेचं काहीतरी फुटलं. तो हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी हलला नाही.

बेट लागलं. मुलं रांगेत, ब्रशवर पेस्ट लावून तयार. उतरायच्या फळीवर त्याने पाऊल टाकलं आणि समोरून कपाट आलं.

तीन दारांचं, आरशाचं. घर बदलून निघालेले एक आजोबा खालच्या बाजूला आणि त्यांचा जावई वरच्या बाजूला. जावई वाकलाच नव्हता, त्यामुळे सगळा भार आजोबांकडे. फळी अरुंद. आजोबांची चप्पल फळीवरून सरकत होती.

“जावईबापू, जमेल ना?” आजोबा म्हणाले.

“मला काहीच जड लागत नाहीये, बाबा,” जावई म्हणाला.

याने बाईंकडे बघितलं. आरशात स्वतःकडे बघितलं. मग मागे फिरला, बॅग बोटीत नेऊन सगळ्यात आत ठेवली आणि आजोबांच्या जागी कपाटाखाली शिरला.

“हळू,” तो जावयाला ओरडून सांगू लागला. “वरून खाली. घाई नको. आता डावी बाजू. आतून, आतून घ्या. कोपरा सोडू नका.”

धक्क्यावरच्या मुलांनी ब्रश तोंडात घातले. वरून खाली, डावी बाजू, आतून, कोपरा न सोडता. कपाट आत गेलं तेव्हा मुलांनी चूळ भरली. बोट सुटली.

“दात छान स्वच्छ निघाले,” बाई फोनवर म्हणाल्या. “पण तुम्ही हजर नव्हता. मी काय लिहू?”

काकांनाही कळवलं. “म्हणजे तिकडे जाऊनही तू कपाटच उचललंस,” ते म्हणाले.

“इथे जिना नाही, काका.”

काकांनी विचारलं, “दोऱ्या राहू देत का मग तिथेच?”

“राहू देत.”

तांडेलाने डबा उघडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला. खाऊन झाल्यावर त्याने संस्थेला अर्ज लिहिला:

‘महोदय, मी नेमून दिलेले काम पूर्ण केले असून केवळ बेटावर उतरणे बाकी आहे. जबडा सुस्थितीत आहे, परंतु कपाटाखाली आहे. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी सदर बेट बोटीत चढवण्यास परवानगी मिळावी, म्हणजे माझी हजेरी लागेल. रचून मी घेईन.’