प्रेसचा खरा कॉम्प्युटर

वहिनीने उघड्या कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचं कार्ड दाबून बसवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. कारखान्याचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची, पण सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा नवरा तिथल्या प्रेसवर पत्रा कापायचा. गेल्या आठवड्यात त्याच प्रेसने त्याच्या उजव्या हाताची बोटं नेली.

आणि कशामुळे, तर मालकाच्या काटकसरीमुळे! प्रेस चालवणारा आणि खाली हात गेला की तिला थांबवणारा कॉम्प्युटर त्याने भंगारात घातला होता. त्याऐवजी ऑफिसातल्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरचा एक व्हर्च्युअल कॉम्प्युटर उभा केला. ऑफिसात कामाची गर्दी झाली की सर्व्हर दमायचा आणि ‘थांब’ हा निरोप प्रेसला उशिरा पोचायचा. वहिनी ओरडून ओरडून थकली होती. मेल्याच्या कानात शिरलं ते रक्त सांडल्यावर.

आता एक वापरलेला कॉम्प्युटर पदरात पडला होता. “भोंगा होईपर्यंत जमव, नाहीतर प्रेस सर्व्हरवरच चालेल,” मालकाने बजावलं होतं. आणि भोंग्यानंतर प्रेसपुढे उभा राहणार होता तिचा धाकटा दीर. भावाच्या जागी त्यालाच लावलं होतं.

तिने आतली डिस्क कोरी केली. सर्व्हरमधल्या त्या व्हर्च्युअल कॉम्प्युटरची प्रत बाहेरच्या डिस्कवर तयार होती, पण त्या प्रतीला आजवर सगळे भाग खोटेच ठाऊक. खऱ्या यंत्रावर तशीच उतरवली तर सुरू होतानाच मान टाकणार. म्हणून वहिनी एकेका खऱ्या भागाची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, शोधून तिच्यात घालत होती. शेवटचाच राहिला होता.

तेवढ्यात लाथेने दार उघडलं. दीर आत आला, हातात हा एवढा पाना. त्याच्या रागामुळे अख्खा कारखाना त्याला तोफ म्हणायचा.

“दादाचा हात ज्याने खाल्ला तो कॉम्प्युटर हाच ना? आणि तू त्याला सजवत बसलीस?”

“अरे, हा तो नाही! ऐक तरी...”

ऐकतोय कसला! पहिला घाव सरळ मदरबोर्डावर. वहिनी त्याच्या मनगटाला लोंबकळली, कडकडून चावली, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडेना. त्याने तिला झटकलं. टेबलाचा कोपरा कपाळात घुसला आणि डोळ्यात रक्त ओघळलं. तोफ हाणतच राहिला. मदरबोर्डाचे तुकडे उडाले, प्रतीची डिस्क त्याने टाचेखाली चिरडली.

“मूर्खा, तुझा हात वाचावा म्हणून करत होते रे! तुझा!”

त्याच्या हातून पाना गळून पडला.

भोंगा झाला. मालक आला, पसारा पाहिला, आणि खुशाल म्हणाला, “झालं समाधान? चला, सर्व्हरवरच चालवू. गाडी भरायचीय.”

तोफ जागचा हलेना. मालकाने त्याच्या कानफटात भडकावली. “आता दोघे भाऊ घरी बसून खाणार का?”

आणि तो एवढा तोफ, मान खाली घालून निमूट निघाला की हो प्रेसकडे! वहिनीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पाना उचलला आणि ऑफिसात घुसून सर्व्हरवर घातला. मालक मागून धावला, त्याने तिचे केस धरून ओढलं. तिने त्याच्या गुडघ्यावर टाच मारली आणि पुन्हा घाव घातला. डिस्का खेचून काढल्या, फरशीवर आपटल्या, ठेचल्या. आता दुसरी प्रत कुठेच नव्हती. प्रेस कायमची बसली, आणि तिच्याबरोबर सगळ्यांची कामं गेली. हे तिला पुरतं कळत होतं, तरी ती ठेचत होती.

तोफ धावत आला. त्याने मालकाला बाजूला फेकलं आणि त्या चुऱ्याकडे बघत राहिला.

“वहिनी, काय करून बसलीस? आता खायचं काय आपण?”

वहिनी धापा टाकत होती, रडत होती.

“तुझ्या दादाला मी भरवते रे रोज,” ती म्हणाली. “तुला कोण भरवणार होतं?”